वाळूतला झारा

मेटल डिटेक्टरच्या गोष्टींत नायक नेहमी यंत्रच असतं. फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरची सगळ्यात गाजलेली गोष्ट घ्या. हवानाहून स्पेनकडे सोनं-चांदी घेऊन निघालेला ताफा ३१ जुलै १७१५ रोजी चक्रीवादळात सापडला आणि आजच्या सेबॅस्टियन ते फोर्ट पिअर्स या पट्ट्यात किनाऱ्यावर आपटला. स्पेनची अकरा जहाजं गेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर किप वॅग्नर नावाच्या, घरबांधणीचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाला वादळं येऊन गेली की तिथल्या वाळूत काळवंडलेली चांदीची नाणी मिळू लागली. त्याने महायुद्धातून उरलेला एक लष्करी सुरुंगशोधक पैदा केला, वाचलेल्या खलाशांच्या छावणीची जागा हुडकली आणि सोबती जमवून पाण्यात उतरला. जानेवारी १९६५च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने ही हकीकत जगभर नेली. त्या किनाऱ्याला आता ‘ट्रेझर कोस्ट’ असंच म्हणतात. गोष्ट सांगताना सुरुंगशोधक हटकून येतो. वाळू कशाने उपसली, हे सहसा कुणी विचारत नाही.

यंत्र फक्त ओरडतं. वस्तू वर काढायचं काम दुसऱ्याच एका अवजाराचं असतं आणि ते म्हणजे स्कूप. भजी तळायच्या झाऱ्याला छोट्या बादलीएवढं पोट आणि छातीपर्यंत येणारा दांडा दिला तर जे होईल, साधारण तेच. पत्र्याचं सच्छिद्र पात्र, पुढे धार काढलेला ओठ, मागे पाय देऊन दाबायला टाच आणि वर दांडा. इतकं साधं अवजार दुकानातून आणून जसंच्या तसं वापरता यायला हवं. तसं होत नाही. डिटेक्टर खोक्यातून काढला की कामाला लागतो. स्कूप मात्र वर्कशॉपमध्ये जाऊन आल्याशिवाय मालकाचा होत नाही. कारण डिटेक्टर विजेच्या नियमांनी चालतो, ते सगळीकडे सारखे. स्कूपची गाठ त्या-त्या किनाऱ्याच्या वाळूशी आणि वापरणाऱ्याच्या पाठीशी असते.

कंबरभर पाण्यात काम कसं चालतं ते पाहिलं म्हणजे हे कळतं. हेडफोनमध्ये आवाज येतो. खाली काही दिसत नाही, म्हणून डिटेक्टरच्या कॉइलच्या मध्याचा अंदाज घेऊन तिथे पाय रोवायचा, पायाच्या खुणेने स्कूप टेकवायचा, टाचेवर वजन टाकायचं आणि दांडा मागे ओढायचा. हे होईतो दुसरी लाट आलेली असते. पहिल्या घासात वस्तू आली नाही तर खड्डा भरून जातो आणि सोनं आणखी खाली सरकतं. गारगोटीच्या वाळूची घनता २.६५च्या आसपास, शुद्ध सोन्याची १९.३. हललेल्या वाळूत जड वस्तू खाली जाणारच. शिशाची घनता ११.३, त्यामुळे मासेमारीची शिशाची वजनं एका जागी सापडू लागली की जाणकार ती जागा सोडत नाहीत. शिसं थांबलं तिथे अंगठीही थांबलेली असू शकते.

आता वजनाचा हिशेब. पात्र १५ सेंटिमीटर व्यासाचं आणि २५ सेंटिमीटर लांब असेल तर त्यात जवळजवळ साडेचार लिटर मावतं. ओली वाळू लिटरला दोन किलो धरली तर एका घासाचे आठ-नऊ किलो झाले. दांडा मागे ओढताना हे सगळं ओझं, वर जमलेल्या वाळूची पकड मोडायचा जोर, सारं पात्र आणि दांडा जोडणाऱ्या सांध्यावर येतं. स्कूप तुटतो तो तिथेच. म्हणून बहुतेकांची पहिली दुरुस्ती तीच: पात्राच्या वरच्या कडेपासून दांड्यापर्यंत एक तिरकी पट्टी वेल्ड करायची. दिसायला ओबडधोबड, पण जोर दोन जागी वाटला जातो. त्याच वेळी दांड्याचा कोन बदलून घेणारेही असतात. दांडा जितका उभा, तितका पायाचा दाब सरळ खाली उतरतो. जितका कललेला, तितकं ओढून उपसणं सोपं. उंच माणसाला बेतलेला कोन बुटक्याची कंबर मोडतो, आणि याला कारखान्याकडे उत्तर नाही.

खरी मौज भोकांत आहे. अमेरिकेचं सर्वांत लहान नाणं डाइम, व्यास १७.९१ मिलिमीटर. त्यामुळे साधारण १६ मिलिमीटरची भोकं पुष्कळ स्कूपना असतात. नाणं आडवं पडो की उभं, ते त्यातून जात नाही. पण कानातला खडा सहज जातो आणि बारीक साखळी तर सापासारखी निसटते. मग भोकं बारीक करावीत? सूक्ष्म वाळूच्या किनाऱ्यावर चालेल. फ्लोरिडाच्याच पश्चिम अंगाला सिएस्टा की बेटावरची वाळू ९९ टक्के गारगोटी, पिठासारखी. पाण्यात दोन हिसके दिले की निघून जाते. ट्रेझर कोस्टवर मात्र शिंपल्यांचा चुरा भरपूर. तिथे बारीक भोकांत कपचे अडकतात, पात्र रिकामं व्हायला वेळ लागतो आणि हात भरून येतात. यावर लोकांनी मधला मार्ग काढला: मागच्या, पाणी जोराने बाहेर पडणाऱ्या भागाला मोठी भोकं, तळाला लहान. काहीजण उलट मोठ्या भोकांचा स्कूप घेऊन, साखळीवाल्या जागी आतून स्टेनलेसची जाळी बसवतात आणि काम झाल्यावर काढतात. षट्कोनी भोकं शेजारी-शेजारी बसतात, मध्ये पत्रा कमी उरतो, म्हणून पाणी लवकर निघतं. पण पत्रा कमी म्हणजे ताकदही कमी, हे विकणारा सांगत नाही.

ओठाबद्दल माझं मत ठाम आहे. दातेरी ओठ फोटोत झोकदार दिसतो, घट्ट शिंपल्यांच्या थरात घुसतोही. पण तीनशे वर्षांच्या नाण्यावर ओरखडा उमटवणारं अवजार कशाला हवं? कानशीने सरळ धार काढावी आणि दोन्ही कोपरे गोल करावेत. आपल्याच पोटरीचाही त्यात फायदा आहे.

खारं पाणी हा दुसरा कारागीर, आणि तो बिघडवण्याचं काम करतो. स्टेनलेस म्हटलं की गंज नाही, अशी समजूत असते. ३०४ जातीच्या पोलादाला समुद्रात बारीक खड्डे पडतात. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं. पण ३१६वरही साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती फिरवली तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि आठवड्यात तपकिरी डाग येतात. वेल्डिंगच्या कडेला उमटलेला निळा-जांभळा रंगही दिसायला छान आणि गंजाला आमंत्रण. तो घासून किंवा आम्लाच्या लेपाने काढावा लागतो. ॲल्युमिनियमचं पात्र हलकं, कोरड्या वाळूत झकास, पण त्याला स्टेनलेसचे बोल्ट लावून समुद्रात नेलं की खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर टाकला की प्रश्न बराच सुटतो. ही एवढीशी चकती पुष्कळ स्कूप वाचवते.

बाटल्यांची बुचं, केसांच्या पिना, मासेमारीचे गळ यांनी जीव नकोसा होतो म्हणून पात्रात लोहचुंबक बसवायची टूम आहे. नवखा माणूस चुंबक नुसताच पत्र्याला चिकटवू पाहतो आणि तो घसरून पाण्यात जातो, कारण ३०४ आणि ३१६ चुंबकाला जवळपास दाद देत नाहीत. तो बोल्टने किंवा इपॉक्सीने बसवावा लागतो. इपॉक्सी चुंबकावरूनही फिरवायची, नाहीतर निकेलचा मुलामा फुटून आतल्या निओडिमियम चुंबकाचा भुगा होतो.

पोकळ दांड्यात पाणी शिरलं की तो जड होतो, म्हणून आत फोम भरून दोन्ही टोकं बंद करतात. हातातून सुटला तर तरंगण्याची आशाही राहते. टाचेवर रबराचा तुकडा, मुठीवर सायकलच्या हँडलचं कव्हर. बाकी डिटेक्टरला धातूचा स्कूपही धातूच वाटतो, म्हणून पुन्हा तपासताना तो हातभर दूर रोवून ठेवायची सवय लागते.

खणण्याला कायदाही लागू होतो. फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर मार्च ते ऑक्टोबर कासवांच्या विणीचा हंगाम, तेव्हा खुणा केलेल्या घरट्यांजवळ फिरकायचं नाही, आणि खड्डा बुजवून पुढे जायचं हा तिथला पहिला शिष्टाचार. आपल्याकडे १८७८चा निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. शिवाय रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या, इल्मेनाइटयुक्त वाळूत साधा डिटेक्टर नुसताच बडबडत राहील. तिथे स्कूपचे कष्ट फुकट जातील.

अलीकडे टायटॅनियमचे स्कूप आले आहेत. घनता साडेचारच्या आसपास, पोलादाची आठ. हातात घेतल्यावर फरक लगेच जाणवतो आणि गंजाची चिंता नाही. पण टायटॅनियम वेल्ड करताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना आर्गॉनचं आवरण राखावं लागतं, आणि ते कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला जमत नाही. म्हणजे हा स्कूप बदलता येत नाही, फक्त विकत घेता येतो. जुने लोक ३१६चं पात्र आणि कार्बन फायबरचा दांडा यावरच थांबलेत. ओठ वाकला तर ऐरणीवर ठेवून चार ठोके मारायचे, कानस फिरवायची आणि ओहोटीची वेळ गाठायची.