कमरेइतक्या पाण्यात

उन्हाळ्यात कॅनेडियन होलवर सकाळी कुणी घाई करत नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यासमोर आउटर बँक्स नावाची वाळूच्या चिंचोळ्या बेटांची माळ आहे. त्यातल्या हॅटरास बेटावर, एव्हन आणि बक्सटन या दोन गावांच्या मधे ही जागा येते. पूर्वेला अटलांटिक, पश्चिमेला पामलिको साउंड ही अफाट खाडी, आणि मधे वाळूच्या टेकाडांना लागून जाणारा एकच डांबरी रस्ता. एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे काही मिनिटांत चालत जाता येतं. क्युबेक आणि ओंटारियोहून वर्षानुवर्षं विंडसर्फिंगला येणाऱ्यांमुळे या जागेला हे नाव पडलं. टपावर बोर्ड बांधलेल्या गाड्यांच्या सावलीत माणसं बसलेली असतात आणि सगळ्यांच्या नजरा नैर्ऋत्येकडे असतात.

वारा तिकडूनच येतो. उन्हाळ्यात बर्म्युडाच्या आसपास हवेच्या उच्च दाबाचं क्षेत्र मुक्काम ठोकतं. त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारी हवा या किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून पोचते. दुपार चढते तशी खाडीपलीकडची मुख्य भूमी तापते, दाबातला फरक वाढतो आणि वाऱ्याला जोर येतो. कोकणात दुपारचे खारे वारे समुद्रावरून येतात. इथे महासागराकडे पाठ केली की दुपारचा वारा तोंडावर येतो, खाडीचा वास घेऊन. आधी दूर पाण्यावर एक गडद पट्टा दिसतो. तो सरकत जवळ येतो आणि मग लाटांची टोकं पांढरी होऊ लागतात. ती सगळीकडे दिसली की समजायचं, बारा-तेरा नॉट झाले, म्हणजे ताशी बावीस-चोवीस किलोमीटर.

"मावशी, आता लावायचं का शीड?" भाच्याचा हा प्रश्न सकाळपासून चालू होता. राली शहरापासून गाडीत तो दुसरं काही बोललाच नव्हता.

"पट्टा काठाला लागू दे," मी म्हणाले. "वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा दाब चौपट होतो. किती आहे ते कळल्याशिवाय कुठलं शीड घ्यायचं ते ठरत नाही."

शीड बांधणं हे निम्मं काम, आणि ते वाळूवर होतं. मास्टचे, म्हणजे डोलकाठीचे, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे. त्याआधी सांध्यावरचा वाळूचा कण न् कण धुवायचा, नाहीतर संध्याकाळी ते तुकडे सुटता सुटत नाहीत. मग शिडाच्या कडेच्या लांब खोळीतून मास्ट सरकवत न्यायचा. तळाशी कप्प्यांमधून दोर ओवायचा, पाय रोवायचा आणि सगळं वजन टाकून ओढायचं. या ओढण्यालाच सगळं महत्त्व आहे. नवा माणूस शीड दिसायला तुकतुकीत झालं की थांबतो. खरं तर त्यापुढेही ओढायचं असतं, मास्टला बाक येऊन शिडाच्या मागच्या कडेचा वरचा भाग सैल पडेपर्यंत. झोत आला की तोच सैल भाग उघडतो आणि जादा वारा सोडून देतो. तो ताठ ठेवला तर प्रत्येक झोत थेट हातांवर येतो. भाच्याला वाटत होतं, शीड बिघडलंय. मी त्याला ते वाऱ्यात उभं धरायला लावलं, मग दोर थोडा ढिला करून पुन्हा धरायला लावलं. दंडांना फरक कळला, तेव्हा तो स्वतःच दोर ओढायला बसला.

शेवटी मास्टचा पाय बोर्डात बसवायचा. हा सांधा कुठल्याही दिशेला कलतो आणि फिरतो. विंडसर्फरला सुकाणू नसतं. शीड पुढे कलवलं की नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे कलवलं की वाऱ्याकडे. पेनसिल्व्हेनियाच्या न्यूमन डार्बीने १९६४ साली शीड लावलेला बोर्ड केला होता. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी सर्व बाजूंना फिरणाऱ्या सांध्यासह केलेल्या रचनेला १९७० साली पेटंट मिळालं. ड्रेक विमानक्षेत्रातला अभियंता होता, याचं मला नवल वाटत नाही. शीड हा उभा पंखच आहे. आणि इंजिनावर चालणारं पंखांचं पहिलं यशस्वी यंत्र याच बेटांच्या माळेवरून उडालं. राइट बंधूंनी वारा आणि मऊ वाळू पाहून इथून उत्तरेकडचा किटी हॉकचा परिसर निवडला होता.

मी शिकवायला कुणालाही याच काठावर आणेन. पामलिको सुमारे १३० किलोमीटर लांब आहे. १५२४ साली व्हेराझानोला बेटांपलीकडचं हे पाणी पाहून तो प्रशांत महासागरच वाटला होता. पण काठाजवळ कितीतरी अंतर पाणी कमरेच्या वर जात नाही. चंद्राची भरती-ओहोटी इथे नाममात्र. पाणी चढतं-उतरतं ते मुख्यतः वाऱ्याच्या रेट्याने. शिवाय नैर्ऋत्येचा वारा काठाकडे तिरका येतो, त्यामुळे दोर तुटला किंवा हात थकले तरी माणूस वाहत किनाऱ्यालाच लागतो. पूर्वेचा वारा असता तर मी भाच्याला पाण्यात उतरू दिलं नसतं.

पाण्यात पाय न उचलता, घसटत चालायचं, म्हणजे वाळूत दडलेला स्टिंग रे आधीच निसटतो. पायात बूट हवेतच, कारण कालवांच्या शिंपल्यांना धार असते. पाणगवत अडकू नये म्हणून बोर्डाखाली मागे झुकलेला फिन लावायचा.

खोल पाण्यात दमवणारी गोष्ट म्हणजे पाण्यातून थेट उठणं. मास्ट वाऱ्याला आडवा ठेवून त्याची कड जराशी उचलायची. शिडाखाली वारा शिरला की ते आपोआप वर येतं. मग मागचा पाय बोर्डावर ठेवायचा, बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, पुढे आणि वर रेटायचा आणि शीड आपल्याला उचलेल याची वाट पाहायची. भाचा ताकदीने स्वतःला वर ओढत होता आणि शीड घेऊन पाठीवर पडत होता. पण पडला की उभा राहत होता, शीड पुन्हा वाऱ्यासमोर आणत होता. इथे पडण्यात दम जात नाही, म्हणून तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त वेळा पडता येतं. माझ्या मते शिकणं याच हिशेबावर अवलंबून आहे. "ओढू नकोस, हात लांब ठेव," मी सांगत राहिले. कधीतरी त्याने हात लांब ठेवले, आणि वाऱ्याने त्याला उचलून बोर्डावर उभं केलं.

वारा सतरा-अठरा नॉटवर गेला तेव्हा मी माझं सहा चौरस मीटरचं शीड घेऊन निघाले. कमरेच्या हार्नेसचा आकडा बूमच्या दोरीत अडकवला आणि झोपाळ्यावर बसावं तसं वजन मागे सोडलं. हातांना फक्त दिशा द्यायची असते. भार कंबर पेलते. एका झोतासरशी बोर्ड पाणी कापणं सोडून पाण्यावर चढतो, मागे सरकून पाय पट्ट्यांत घालायचे, आणि थपथप आवाजाची जागा सलग सळसळ घेते. तिथून बेट पाहिलं की त्याची जाडी कळते: टेकाडांची एक बुटकी रेघ.

मार्च १९६२ च्या वादळात समुद्राने ही रेघ एव्हन आणि बक्सटनच्या मधे तोडली होती. ती खिंड वाळूने पुन्हा बुजवावी लागली. बक्सटनचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ १८७० चा. लाटा पायथ्याशी आल्या म्हणून तो १९९९ साली अख्खा उचलून सुमारे ८८० मीटर आत नेला. याच बेटावरच्या रोडान्थेत घरं समुद्रात कोसळली आहेत. वादळी लाटा महासागराकडची वाळू उचलून खाडीकडे टाकतात आणि बेट मुख्य भूमीकडे सरकतं. त्याची तगून राहण्याची रीतच ती आहे. आपण मात्र त्यावर न हलणारा रस्ता आणि न हलणारी घरं बांधली. मला हे बेट फार प्रिय आहे, आणि म्हणूनच वाटतं, रस्ता वाचवण्यासाठी त्याला जागच्या जागी धरून ठेवण्याचा हट्ट कमी व्हायला हवा.

परत आले तेव्हा भाचा उत्तरेला पार दूर गेला होता. वाऱ्याच्या विरुद्ध चढत जाणं अजून त्याला जमत नाही, म्हणून तो बोर्ड घेऊन पाण्यातून चालत येत होता. सुरुवातीला त्याने सगळं ओढत आणलं. मग थांबला, मास्ट वाऱ्याच्या बाजूला धरून शीड अधांतरी तरंगू दिलं आणि बोर्डाला फक्त पुढे दिशा देत राहिला.

"असं केलं की वजनच लागत नाही," जवळ येत तो म्हणाला. "उद्या थोडं मोठं शीड घेऊ?"

"उद्याचा वारा बघून," मी म्हणाले, आणि आम्ही मास्टचे सांधे धुवायला घेतले.