आजारी समुद्री मासा वेगळ्या टाकीतच का?
कोल्हापुरात समुद्री मासे पाळायचे तर खारे पाणी मीठ मिसळून घरीच तयार करावे लागते, म्हणून दुसरी टाकी मांडणे जिवावर येते. पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तीच हवी. हा रोग करणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी कातडीत शिरला की औषध त्याला गाठत नाही. पाण्यात मोकळा पोहताना मात्र तांबे त्याला मारते. ठिपके गेले तरी परजीवी टाकीत असू शकतो, म्हणून तांब्याची मात्रा सोडू नये आणि ती रोज मोजावी. हे तांबे मुख्य टाकीत घातल्यास प्रवाळ, कोळंबी मरतात आणि चुनखडीचे दगड ते शोषतात. हलवल्याने मासा बिथरतो, हे खरे. परंतु मूळ टाकीत त्याला पुन्हा लागण होतच राहते. त्या टाकीत किमान ६ आठवडे एकही मासा नको. नव्या टाकीतला अमोनियाही तपासावा, तोही रोगाइतकाच जीवघेणा.