भोंगा, ऋतू आणि रानभाजी

हल्ली शहरातील सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात एक विषय वारंवार येतो. माणूस निसर्गापासून तुटला आहे, त्याने ऋतूंप्रमाणे जगावे, रानातले खावे, असे सांगितले जाते. हे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तुटलेली दोरी पुन्हा बांधावयाची असेल, तर ती कोठे आणि कोणी कापली, हे प्रथम पाहावयास हवे. निसर्गावरचे प्रेम कमी झाले म्हणून कामकऱ्याच्या हातून ऋतू निसटला, असे झालेले नाही. त्याचा वेळ विकत घेतला गेला, म्हणून ऋतू गेला. आणि ज्यांच्या हाती ऋतू अजून शिल्लक आहे, त्यांच्या हातून रान काढून घेतले गेले. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तरच रानभाजीचा प्रश्न समजतो. उदाहरणासाठी आम्ही मुंबई शहर आणि त्याच्या पाठीशी असलेले ठाणे, पालघर व रायगड हे जिल्हे घेतो. कारण गिरणीचा भोंगा आणि मृगाची रानभाजी येथे एकमेकींच्या शेजारी नांदली आहेत.

मुंबईत कापडगिरणीची उभारणी १८५४ साली सुरू झाली. आरंभीच्या गिरण्या सूर्याच्या उजेडावर चालत. उजाडले की यंत्र सुरू, मावळले की बंद. म्हणजे हिवाळ्यात दिवस लहान आणि उन्हाळ्यात मोठा. त्या राबण्यात सुख नव्हते, आठवड्याची हक्काची सुटीही नव्हती. पण निदान सूर्य हा कामाचा एक पंच होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे हीही मागणी होती. रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मान्य झाली. ते दिवस मृग नक्षत्राचे होते.

पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिव्याचा उपकार मोठा, पण तो कोणावर झाला? सूर्य मावळला म्हणून काम थांबविण्याचे कारण उरले नाही, आणि तेरा-चौदा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. शेवटी १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घालावी लागली. त्यानंतर १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, आणि १९४६ साली दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, अशी ती मर्यादा खाली आली. यातला एकेक तास भांडून मिळविलेला आहे. तास मिळाले, पण ऋतू परत आला नाही. आषाढ असो वा वैशाख, भोंगा एकाच वेळी वाजू लागला.

कामकऱ्याने मात्र गावाची दोरी सहजासहजी सोडली नाही. कोकणातला आणि घाटावरचा गडी पेरणीला, लावणीला, शिमग्याला गावी जाई. मालकाच्या वहीत त्याची नोंद ‘गैरहजर’ अशी होई, आणि त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगानेही कामगाराचा गावाशी असलेला हा संबंध ओळखला आणि तो तोडू नये, नीट सांभाळावा, असे मत दिले. ज्याला गैरहजेरी म्हटले गेले, ती खरे म्हणजे दुसऱ्या एका कामावरची हजेरी होती. त्या कामाचे वेळापत्रक पंचांगात होते, गिरणीच्या फलकावर नव्हते.

ते वेळापत्रक कसे चालते, हे आता पाहू. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या गतीवर मोजली जातात. म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, आणि पुढचे प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांनी. रानातल्या बाईचा बाजारहाट या नक्षत्रांवर बसविलेला असतो.

वैशाखात करवंदे, जांभळे आणि रायवळ आंबे असतात. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून शेवळे वर येतात. शेवळाची गंमत अशी की, त्याचे फूल आधी येते आणि पान मागाहून. कंद उन्हाळाभर जमिनीत निजलेला असतो. ओल लागताच तो साठविलेल्या बळावर फुलाचा कोंब वर काढतो. हा कोंब तसाच शिजवून खाल्ला तर घसा खवखवतो, कारण त्यात सुईसारखे टोकदार क्षारांचे कण असतात. म्हणून शेवळे सोलताना आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालतात. नेमकी त्याच दिवसांत ही फळे मिळतात, आणि बाजारात शेवळांच्या जुडीशेजारी काकडांचा वाटा मांडलेला दिसतो. कोणत्या वस्तूबरोबर कोणती वस्तू शिजवावी हे ठरविताना कितीजणांचे घसे खवखवले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

शेवळांच्या मागोमाग टाकळा येतो. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, कोठेही उगवतो. त्याची पाने संध्याकाळी मिटतात. कोवळा असतानाच तो खावयाचा. भाद्रपदापर्यंत पान जून होते आणि शेंगा धरतात. मग फोडशी, कुरडू, भारंगी, बांबूचे कोंब. आषाढात वाघाटी, घाटावर कित्येक घरी आषाढी द्वादशीचे पारणे हिच्या भाजीने सोडतात. श्रावणाच्या सुमारास कर्टोली. कर्टोलीचे नर वेल वेगळे आणि मादी वेल वेगळे असतात. फळ मादीलाच धरते, पण नर वेल उपटून टाकला तर मादीलाही धरत नाही. पाऊस सरल्यावर कंदांची पाळी. कडू करांदा राखेच्या पाण्यात उकडून, पुन्हा पुन्हा धुऊन, त्याचा कडूपणा काढावा लागतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. रानभाजी ‘आपोआप’ उगवते हे खरे, पण ती आपोआप अन्न होत नाही. ओळखणे, वेळ साधणे, बेताने खुडणे, सोलणे, उकडणे, धुणे, एवढे श्रम आणि एवढी विद्या तिच्यात घातल्यावर ती ताटात येते. ही विद्या बहुतांशी बायकांची आहे. तिला पदवी नाही म्हणून तिची किंमत धरली जात नाही. आम्ही कारखान्यात कुशल आणि अकुशल कामगार असा भेद करतो. जी बाई पन्नास वनस्पती पानावरून, वासावरून आणि महिन्यावरून ओळखते, तिला अकुशल म्हणणाऱ्याने आधी त्यांतल्या पाच ओळखून दाखवाव्यात.

या विद्येत एक शिस्तही आहे. शेवळे सगळी खुडली तर बी धरत नाही. कर्टोलीचा कंद काढला तर वेल कायमचा गेला. म्हणून पान घ्यावे, मूळ ठेवावे, आणि काही भाग पुढच्या वर्षासाठी सोडावा. ही शिस्त मोडली की काय होते, याचे उदाहरण फोडशीच्याच कुळातील सफेद मुसळीचे. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवलीचे नाव आहे. फोडशीचे पान खाल्ले जाते. मुसळीचा कंद औषधांच्या बाजाराला हवा असतो. भाव आला, कंद खणले गेले, आणि रानातली मुसळी दुर्मिळ होत गेली. तेव्हा शहरात रानभाजीची टूम निघाली म्हणून रानाचे भले होईलच असे नाही. मागणी वाढली आणि शिस्त सुटली, तर उलटेच होईल.

आपल्या सणांतही या ज्ञानाची खूण राहिली आहे. भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाने पिकविलेले खावयाचे नाही, असा नेम आहे. त्या व्रतामागची विटाळाची कल्पना आम्हाला मान्य नाही. परंतु वर्षातून एक दिवस का होईना, ज्याच्या मानेवर जू आहे त्याचे श्रम आपण खात आहोत याची आठवण ठेवणारा हा नेम आम्हाला विचार करण्याजोगा वाटतो. बैलासाठी जी आठवण आहे, ती भाजी खुडणाऱ्या बाईसाठीही असावी.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे जरूर आहे. निसर्गाजवळ राहणारा माणूस सुखी असतो असे चित्र रंगविण्याची शहराला हौस असते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. ती रानाच्या कुशीत राहणारी बालके होती. आषाढ-श्रावण हे रानभाजीचे महिने, आणि घरातील धान्य संपण्याचेही तेच महिने. पालेभाजीत लोह असते, चुना असतो, जीवनसत्त्वे असतात. पण भाकरीची जागा ती घेऊ शकत नाही. शहराला जी चवीची वस्तू वाटते, ती अनेक घरांत भाताची उणीव भरून काढण्यासाठी शिजते. भाजी रानातून आणता येते. धान्यासाठी मात्र खावटी काढावी लागते, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्यासाठी उचल घ्यावी लागते. आषाढात वाटे मांडून बसलेली कातकरी बाई माघात भट्टीवर विटा वाहताना दिसते, त्याचे कारण हे.

आणि रान तरी तिचे राहिले होते काय? १८७८ च्या वनकायद्याने जंगलावर सरकारची मालकी पक्की केली. जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात या जंगलखात्याने शेतकऱ्याची गायराने आणि डोंगर कसे घशात घातले, याचा जाब विचारला आहे. खैराच्या झाडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा धंदा; जंगलबंदीने तो मोडला आणि नाव तेवढे मागे राहिले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसे बळी पडली. मागणी काय होती? ज्या रानात आजे-पणजे वावरले, तेथे जाण्याचा हक्क. हा हक्क कायद्याच्या भाषेत मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी आणि ते विकण्याचा अधिकार मान्य केला. कायदा झाला म्हणजे हक्क हातात आला असे नव्हे, हे कामगार चळवळीतील माणसाला वेगळे सांगावयास नको.

रानाबाहेरही ही भाजी आक्रसत आहे. घोळ, तांदुळजा, कुरडू, चिवळ या शेतात आपसूक येणाऱ्या भाज्या. खुरपणीला आलेल्या बाया त्या ओटीत घालून घरी नेत. आता तणनाशक फवारले जाते. त्याने एका फवाऱ्यात दोन गोष्टी जातात: बाईची मजुरी आणि तिच्या घरची भाजी.

मग ऋतूप्रमाणे जगू इच्छिणाऱ्या शहरी माणसाने काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, पुस्तकातले चित्र पाहून रानात खुडावयास जाऊ नये. कळलावी फुलल्यावर मोहक दिसते, पण तिचा कंद जीव घेतो. जो माणूस ती भाजी स्वतःच्या घरी खातो, त्याच्याकडूनच ओळख करून घ्यावी. रेल्वेच्या रुळांलगतचा किंवा गटाराकाठचा टाकळा खाऊ नये. रोप निवडक नसते, जमिनीत असेल ते घेते.

दुसरी, भाजी घ्यावी ती आणणाऱ्या बाईकडून, आणि वाट्यासाठी घासाघीस करू नये. तो वाटा पहाटेच्या आधी डोंगरावर खुडलेला असतो, आणि एसटीने किंवा लोकलने ठाण्या-पनवेलला पोचलेला असतो. तिला बसावयास जागा मिळावी म्हणून २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. नगरपालिकेची गाडी तिचा पाटा उचलू लागली, तर गिऱ्हाइकाने बाजूला न सरकता तो कायदा बोलून दाखवावा. हल्ली कृषिखाते रानभाजी महोत्सव भरविते, ते चांगलेच आहे. पण महोत्सव एका दिवसाचा, आणि आषाढ-श्रावण दोन महिन्यांचे.

तिसरी गोष्ट वेळेची. आज बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत, पण पाळी थांबलेली नाही. घरपोच माल देणारा मुलगा भर पावसात दुचाकीवर असतो. पाऊस वाढला की त्याच्या मागण्याही वाढतात. मृग त्याच्या अंगावर कोसळतो, पण त्याच्या वाट्याला येत नाही. ज्याला हक्काची पगारी सुटी नाही, त्याला ऋतूंप्रमाणे जगा असे सांगणे ही चेष्टा आहे. म्हणून सुटीची लढाई आणि रानाची लढाई आम्ही वेगळी मानत नाही. १८९० साली रविवार मिळाला, तो कोणी दान दिला नव्हता.

हे व्याख्यानांचे दिवस वैशाखाचे आहेत. काही आठवड्यांत मृग लागेल आणि बाजाराच्या तोंडाशी शेवळांच्या जुड्या दिसू लागतील. वाचकांनी त्या जरूर घ्याव्यात, काकडे बरोबर मागून घ्यावीत, आणि ती कशी शिजवतात हे विकणारीलाच विचारावे. ती सांगेल. सांगून झाल्यावर तिच्या गावाचा वनहक्काचा दावा कोठे अडकला आहे, हेही विचारावे. त्याचे उत्तर रेसिपीहून लांब असते, पण तेही ऐकून घेण्यासारखे असते.