आधी काय झालं होतं?

सकाळी 9.30. पार्ले पूर्व, हनुमान रोडवरचा माझा दवाखाना. पावसाळ्यात पहिला तास नायट्यांचाच, आणि सोबत केमिस्टकडून परस्पर घेतलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम. त्यावर बोलून मी थकले.

10.45. सहा वर्षांचा मुलगा, तान्हेपणापासून इसब. "मॅडम, इसब चिघळलंय," आई म्हणते. पण इसब खाजतं, हे दुखतंय. अंगात ताप, गालावर एकाच मापाचे गोल खड्डे. घरात आधी कोणाला काय झालं होतं? वडिलांच्या ओठाच्या कोपऱ्यावर मागच्या आठवड्यात फोड आला होता. हर्पिस. धडधाकट कातडीवर तो ओठापाशीच थांबतो; इसबाची कातडी म्हणजे सताड उघडं घर. व्हिएन्नाचे त्वचातज्ज्ञ कापोसी यांनी 1887 मध्ये इसबावर पसरलेल्या अशा फोडांचं वर्णन केलं, तेव्हा औषध नव्हतं. आज ॲसायक्लोव्हिर आहे.

11.15. फोडाचा तळ खरवडून काच रंगवली. सूक्ष्मदर्शकाखाली मोठाल्या पेशी, एकेकीत अनेक केंद्रकं. त्झांकची ही 1947 ची तपासणी पीसीआरपुढे ढोबळ. हर्पिस की कांजण्या, एवढंही ती सांगत नाही. पण दोन्हींवर औषध तेच, तेही लगेच द्यायचं. एक व्रण पापणीला टेकलाय. मुलाला भरती करून डोळे दाखवायला हवेत, म्हणून कूपर रुग्णालयाला चिठ्ठी.

संध्याकाळी 5.30. काकूंचा सोरायसिस बरीच वर्षं शांत होता. चिकुनगुन्या झाला, नाक काळवंडलं, आणि कोपरांवर पुन्हा चट्टे.

"त्या तापानेच दिला ना हा?"

"दिला नाही काकू, उठवला असेल."

2005-06 मध्ये चिकुनगुन्या भारतात परतला, तेव्हापासून इथल्या त्वचातज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवलेत. पण सगळं विषाणूच्या माथी मारायला मी तयार नाही. सांधेदुखीवर काय घेतलंत? पर्समधून दोन रिकाम्या पट्ट्या निघाल्या: क्लोरोक्वीन, आणि मध्येच बंद केलेलं स्टिरॉइड. दोन्हींनी सोरायसिस उसळू शकतो. शिवाय आता दुखणारे सांधे चिकुनगुन्याचे की सोरायसिसचे, हे आज सांगता येणार नाही. महिन्याने बघू.

7.40. तोंडात पांढरी जाळी, लायकेन प्लेनस. गृहस्थ फोनवर वाचून आलेत: हिपॅटायटिस सी. इटली-जपानमध्ये हा संबंध ठळक दिसला, भारतातल्या पाहण्यांत तितका नाही. रक्त तपासायला लिहून दिलं. त्यांना विषाणूवरच्या गोळ्याही आजच हव्या होत्या.

"रिपोर्ट येऊ दे. आणि खिशातली तंबाखूची पुडी?"

"तिचा काय संबंध?"

तो समजावण्यात पावणेआठचे आठ झाले.