वेळेवर सुटणारा नट

मी कवितेचा माणूस. पण अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांतला नट कामगारांनी मला समजावला. मोठा बोल्ट कितीही आवळा, आट्यांमध्ये बारीक फट उरतेच. तिच्यातून पाणी, आम्लाची वाफ शिरते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि नट जाम होतो. मग दुरुस्तीला तो गॅसने कापावा लागतो. जवळ ज्वालाग्राही वाफ असेल, तर एक ठिणगी जिवावर बेतते.

सीलबंद नटाच्या तळाशी खाचेत रबराची किंवा टेफ्लॉनची रिंग असते. नट आवळताच ती दबून फट बुजवते. वरून टोपी असली, तर दुसरे तोंडही बंद. रबर मात्र रसायन पाहूनच निवडावे. चुकीचे रबर फुगते, चिरते. नटाने घट्ट धरावे, आणि वेळ येताच साध्या पान्याने सुटावेही.