हळद आणि हळदीचा अर्क

हळदीने यकृताला इजा होते, असे कोणी म्हटले तर आपल्यापैकी बहुतेकांना ते खरे वाटणार नाही. पण २०२२ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक दगावला. इटलीत २०१९ साली अशाच तक्रारी आल्या होत्या.

मग आमटीतली हळद सोडावी काय? मुळीच नाही. प्रश्न हळदीचा नसून अर्काचा आहे. शंभर भाग हळदीत कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य सुमारे दोन ते पाच भाग असते. अर्कात ते पंचाण्णव भागांपर्यंत असू शकते. स्वयंपाकात चिमूटभर पडणारी वस्तू गोळीत अशी एकवटलेली असते.

पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असे. आपले यकृत तसेच आहे. आतड्यांतून रक्तात उतरलेला माल प्रथम त्याच्यापुढे येतो. कर्क्युमिन आले की यकृत व आतडी त्याचे रूप पालटून त्याची लगेच बोळवण करतात. आता काही गोळ्यांत मिऱ्यांतील पिपेरीन मुद्दाम घालतात. त्याने नाक्यावरचा हा पहाराच ढिला पडतो. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की, पिपेरीनच्या जोडीने कर्क्युमिन सुमारे वीसपट अधिक अंगात उतरते. विक्रेता यालाच गुण म्हणतो. यकृताला मात्र तो भार होऊ शकतो.

हा भार सर्वांनाच बाधतो असे नाही. त्या दहा रुग्णांपैकी सात जणांत एकच आनुवंशिक खूण आढळली. म्हणजे शेजाऱ्याला सोसले ते आपल्याला सोसेलच, असा भरवसा नाही. हिरव्या चहाचीही हीच गोष्ट. पेला साधारणतः निर्धोक. पण त्याच्या अर्कातील मुख्य द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक पोटात गेल्यास यकृताला बाधा पोचल्याची चिन्हे रक्तात दिसू शकतात, असा निर्वाळा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला.

यकृत सहसा लवकर कुरकुरत नाही. म्हणून आम्ही एवढेच सुचवतो: अर्काची गोळी घेत असाल तर डॉक्टरांपासून ती लपवू नका. ‘ते काय, झाडपाल्याचेच’ म्हणून गाळू नका. अन्नावरची वासना गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच दिवशी थांबवून रक्त तपासून घ्या. वनस्पती आपली असली, तरी मात्रा परकी असू शकते.