संत्र्याचं मार्मालेड बेळगावात का बिघडतं? कारण फळात आणि शहराच्या उंचीत

बेळगाव : संत्र्याचा हंगाम सुरू झाला की घरोघरी ढीगभर साली कचऱ्यात जातात. त्यांचं मार्मालेड करून पाहणाऱ्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते. पाककृती नीट पाळूनही ते एकदा पातळ राहतं आणि पुढच्या वेळी चिक्कीसारखं चिवट होतं. यात दरवेळी करणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. ती पाककृती वेगळ्या फळासाठी आणि समुद्रसपाटीच्या गावासाठी लिहिलेली असते.

मार्मालेड म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर सालीसकट केलेला संत्र्याचा मुरंबा. हा शब्द पोर्तुगीज 'मार्मेलादा'वरून आला. 'मार्मेलो' नावाच्या फळाचा गर साखरेत आटवून केलेली घट्ट वडी म्हणजे मार्मेलादा. गोव्यातली पेरूची 'पेराद' याच प्रकारातली. पुढे इंग्रजांकडे हे नाव संत्र्याच्या मुरंब्याला चिकटलं. तिथे त्यासाठी स्पेनमधलं कडू, जाड सालीचं संत्रं वापरतात.

आपलं संत्रं वेगळं

मार्मालेड घट्ट होतं ते पेक्टिनमुळे. सालीखालचा पांढरा भाग आणि बिया यांत ते भरपूर असतं. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, पांढरा भागही कमी. आंबटपणाही बेताचाच. म्हणून नुसत्या संत्र्याचं मार्मालेड पातळ राहतं. उपाय सोपा आहे : सोबत एक मोसंबी आणि तीन लिंबं घ्यायची.

साहित्य आणि कृती

संत्री ४०० ग्रॅम, मोसंबी १, लिंबं ३, पाणी १ लिटर, साखर ७०० ग्रॅम. शक्यतो चकचकीत, मेण लावलेली फळं नकोत. साल खायची असल्यामुळे फळं कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवावीत.

संत्री आणि मोसंबी यांच्या साली बारीक चिरून घ्याव्यात. कडवटपणा नको असेल तर साली एकदा उकळून ते पाणी टाकून द्यावं. फोडी सोलून गर आणि रस बाजूला काढावा. फोडींची पातळ सालं, लिंबासह सगळ्या बिया आणि पिळलेल्या लिंबांच्या फोडी यांची मलमलच्या कापडात पुरचुंडी बांधावी. साली, गर, लिंबाचा रस, पाणी आणि पुरचुंडी एकत्र करून मंद आचेवर शिजवावं. पातेलं जाड बुडाचं, स्टीलचं हवं. आंबट पदार्थाला अॅल्युमिनियम नको.

साल बोटात सहज चुरडली गेली आणि पाणी निम्म्यावर आलं की पुरचुंडी घट्ट पिळून काढावी. त्यानंतरच साखर घालायची. साल कच्ची असताना साखर पडली तर ती कितीही शिजवली तरी कडकच राहते. साखर विरघळली की आच मोठी करावी.

१०५ अंशांचा घोळ

बहुतेक पाककृती सांगतात : पाक १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला आला की गॅस बंद करा. हा आकडा समुद्रकाठचा आहे. पणजीत पाणी १०० अंशांना उकळतं. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे ते साधारण साडेसत्त्याण्णवलाच उकळतं. मार्मालेड तयार होतं ते पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा साधारण साडेचार अंश वर, म्हणजे बेळगावात सुमारे १०२ अंशांना. इथे १०५ची वाट पाहिली तर पाणी जास्त आटतं, पाक करपट लागतो आणि पुढे साखरेचे खडे धरतात. वजनही घटतं. वरच्या मापात एक किलोहून थोडं जास्त मार्मालेड मिळायला हवं, ते सव्वाशे-दीडशे ग्रॅमने कमी भरतं. विकण्यासाठी करणाऱ्यांना हा थेट तोटा आहे.

त्यामुळे आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते पाहावं आणि त्यात साडेचार मिळवावेत. थर्मामीटर नसेल तर स्टीलची ताटली फ्रीजरमध्ये गार करून तिच्यावर थेंब टाकावा. मिनिटभराने बोटाने सरकवल्यावर सुरकुती पडली, की झालं. ही परीक्षा होईपर्यंत गॅस बंद ठेवावा.

मार्मालेड दहा मिनिटं निवू द्यावं, म्हणजे साली वर तरंगत नाहीत. मग उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरावं. पूर्ण घट्ट व्हायला एक दिवस लागू शकतो, म्हणून घाईने पुन्हा आटवू नये.

साखर कमी केली तर?

मार्मालेड टिकतं ते साखरेवरच. तयार मालात विरघळलेला घन भाग, म्हणजे मुख्यतः साखर, साधारण ६५ टक्के लागतो. साखर निम्मी केली तर ते नीट घट्ट होत नाही आणि लवकर बुरशी धरते. तसं केलं तर बाटली फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावी. मधुमेह असणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, १५ ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात जवळपास १० ग्रॅम साखर असते.

बचत गटांना विक्री करायची असेल तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. लेबलवर घटक, वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक लागतो. दर ठरवताना साखरेइतकाच गॅस आणि बाटलीचा खर्चही धरावा.

घरी खायचं तर पाव-लोणी आहेच, पण तूप लावलेल्या गरम चपातीवरही त्याचा कडू-गोडपणा छान लागतो.